आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर : नेम एकीकडे, गोळी दुसरीकडे

आपल्या व्यापारी बंधूंपैकी ज्यांच्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, त्यांतल्या फार थोड्यांनी ते कागदाच्या निशाण्यावर चालवून पाहिलेले असते. हत्यार तिजोरीत, काडतुसे कपाटात आणि परवान्याचे नूतनीकरण वेळेवर, एवढ्यावर त्यांचे समाधान असते. मग कधीतरी रेंजवर जायचा योग येतो, पाच गोळ्या झाडल्या जातात आणि साहेब बघतात तर नेम काळ्या गोलाच्या मध्यावर धरला होता, भोके मात्र खाली डावीकडे पडली आहेत. लगेच निकाल दिला जातो : "माल खराब आहे." दुसरा विचार त्याहून वाईट असतो : "आपल्या ओळखीचा लेथवाला आहे, त्याच्याकडून माशी जरा घासून घेऊ."

हा दुसरा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांच्यासाठी आणि ज्या कारागिराकडे ते जातात त्याच्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत. आमचा धंदा कापडाचा. परंतु कापडाच्या, सुताच्या बाजारात ज्या काळी सगळा व्यवहार रोकडीचा होता, त्या काळी अनेकांनी परवाने काढले, आणि आज पैसा बँकेतून फिरत असला तरी ती हत्यारे घरोघर आहेत.

प्रथम हत्याराची रचना पाहू. लांब नळीच्या, स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरवर मागच्या बाजूला स्क्रू असतो. तो फिरवला की नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतो. खिशात ठेवायच्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरला असे काही नसते. नळीच्या टोकावर एक पाते उभे असते, त्याला आपण माशी म्हणतो. मागे वरच्या पट्टीतच एक खाच कोरलेली असते. खाचेच्या मधोमध माशी, दोघांची वरची कड एका पातळीत, की झाला नेम. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९२७ साली 'डिटेक्टिव्ह स्पेशल' आणि स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० साली 'चीफ्स स्पेशल' काढले, तेव्हापासून ही घडण पक्की झाली. कारण साधे आहे. जे हत्यार कोटाच्या खिशातून झटकन काढायचे, त्यावर स्क्रू आणि उंच पट्ट्या अडकतात. कारखान्याने जो नेम एकदा बसवून दिला, तो कायमचा.

मग कारखाना तो कोणत्या हिशेबाने बसवतो? इथे काडतुसाचा संबंध येतो, आणि बहुतेकांना हेच ठाऊक नसते.

गोळी सुटली की हत्यार मागे रेटते. नळी मुठीच्या वर असल्यामुळे हे रेटणे सरळ मागे न जाता नळीचे तोंड वर उचलते. हे उचलणे गोळी बाहेर पडण्यापूर्वीच सुरू झालेले असते. गोळी नळीत असते तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी, पण तेवढ्यातही तोंड किंचित वर जाते. म्हणून कारखाना माशी मुद्दाम उंच ठेवतो. माशी-खाच एका रेषेत धरली की नळी प्रत्यक्षात थोडी खाली झुकलेली असते, आणि गोळी बाहेर पडेपर्यंत ती उचलून बरोबर जागेवर येते. जड गोळी हळू चालते, नळीत जास्त वेळ राहते आणि जास्त रेटते, म्हणून निशाण्यावर वर लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर निसटते, ती खाली लागते. नवशिक्याला हे नेमके उलटे वाटते. जड वस्तू खाली पडणार असा त्याचा अंदाज असतो, पण दहा मीटरच्या अंतरात पडण्याचा प्रश्नच नसतो, उचलण्याचा असतो.

अमेरिकेतील .३८ स्पेशल जातीच्या रिव्हॉल्व्हरचा नेम परंपरेने १५८ ग्रेनच्या गोळीला धरून बसवलेला असे. तिथल्या लोकांनी त्यात ११० ग्रेनची हलकी गोळी भरली की ती खाली लागते आणि मग हत्याराच्या नावाने ओरड सुरू होते. आपल्याकडे सामान्य परवान्यावर .३२ चालते. त्याचे रिव्हॉल्व्हरचे काडतूस, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, हे १८९६ सालचे आहे आणि त्याची ठरीव गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे सुमारे सव्वासहा ग्रॅमची शिशाची असते. आपल्या बाजारात जी देशी काडतुसे मिळतात त्यांच्या बुडावर 'के.एफ.' अशी अक्षरे असतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे. हत्यारांचे कारखाने दुसऱ्या कंपनीकडे गेले. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ साली काढलेले 'निर्भीक' हे .३२चे हलके रिव्हॉल्व्हर पुष्कळांनी वर्तमानपत्रात वाचले असेल. त्याचे वजन जेमतेम अर्धा किलो.

आता ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळचे विलायती किंवा अमेरिकन हत्यार आहे, त्यांनी ध्यानात घ्यावे की त्याचा नेम तिथल्या त्या वेळच्या काडतुसाला बसवलेला आहे. आज त्यात आपण वेगळ्या कारखान्याचा माल भरतो. बोटभर फरक पडला तर ना हत्यार खराब, ना काडतूस. दोघांची जोडी जमलेली नाही, एवढेच. शिवाय काडतुसे किती जुनी, हेही पाहावे. परवान्यावर काडतुसांची संख्या मोजकी असते म्हणून लोक ती वर्षानुवर्षे जपून ठेवतात, कोकणाच्या दमट हवेत, तीही तेलाच्या फडक्यात गुंडाळून. तेल आत झिरपले की मसाला मरतो. अशी काडतुसे एक जोरात, एक ढिली जातात आणि निशाण्यावर वर-खाली विखुरतात. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर तिथेच थांबावे, हत्यार रिकामे करून नळी तपासून घ्यावी. गोळी आत अडकली असेल आणि मागून दुसरी सोडली तर नळी फाटते. तसेच .३२ पिस्तुलाचे काडतूस वेगळे आणि .३२ रिव्हॉल्व्हरचे वेगळे. आकडा सारखा म्हणून एकाचे दुसऱ्यात भरू नये.

काडतुसाचे झाले. आता हाताकडे येऊ. खरा घोटाळा बहुतेक वेळा इथेच असतो.

घोडा मागे न ओढता नुसता चाप ओढून गोळी झाडायची तर बोटाला साधारण पाच किलोचा जोर लावावा लागतो. हत्याराचे वजन अर्धा किलो. म्हणजे वस्तूच्या दहापट जोर आपण त्या वस्तूच्या एका बाजूला लावतो आणि तिने जागचे हलू नये अशी अपेक्षा करतो. उजव्या हाताने झाडणाऱ्याचे बोट चाप ओढता ओढता सगळी मूठ आवळते, आवाजाच्या धास्तीने मनगट खाली झुकते, आणि गोळी खाली डावीकडे जाते. ज्याच्या पाचही गोळ्या खाली डावीकडे आहेत, त्याने हत्यारावर शंका घेण्याआधी आपल्या मुठीवर घ्यावी. बोटाचे टोकच चापावर ठेवले तर एक खोड, बोट सांध्यापर्यंत आत घातले तर दुसरी. मूठ खाली धरली तर नळी जास्त उसळते आणि गोळ्या वर जातात. त्यात या हत्यारांच्या मुठी इतक्या लहान की करंगळीला जागाच नसते, आणि दर वेळी पकड बदलते.

दोष हाताचा की हत्याराचा, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. रेंजवर टेबलावर वाळूची पिशवी ठेवावी आणि तिच्यावर मनगटे टेकवावीत. नळी टेकवू नये, ती कठीण वस्तूवर टेकली की उसळून गोळी वर मारते. मग घोडा हाताने मागे ओढून, हलक्या चापाने, सात ते दहा मीटरवरून पाच गोळ्या सावकाश झाडाव्यात. आता भोके मध्यावर आली तर हत्यार निर्दोष आहे. सराव चापाचा हवा. तरीही बाजूला गेली तर रेंजवरच्या एखाद्या मुरलेल्या नेमबाजाला त्याच हत्याराने, त्याच काडतुसांनी पाच झाडायला सांगावे. त्याचीही तिथेच गेली तर मग हत्याराकडे बोट दाखवायला हरकत नाही. ज्या हत्यारात घोडा बाहेर नसतो, आत झाकलेला असतो, त्यात पहिली चाचणी करता येत नाही. तिथे दुसऱ्याच्या हाताचाच आधार घ्यावा लागतो.

चापाचा सराव करायला काडतुसे खर्चावी लागत नाहीत. हत्यार रिकामे करून, चक्रीची सगळी घरे डोळ्याने आणि बोटाने तपासून, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत बंद करून, नकली काडतुसे भरावीत आणि भक्कम भिंतीकडे तोंड करून चाप ओढावा. नळीवर माशीजवळ एक नाणे ठेवावे. चाप पुरा ओढला जाऊन नाणे पडले नाही, की समजावे हात बसू लागला. रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे महिनाभर केल्यास जो फरक पडतो तो कोणतीही कानस पाडू शकत नाही.

डोळ्याचीही एक गोष्ट आहे. आम्ही पन्नाशी ओलांडलेले लोक. जवळचे दिसायला चाळिशी लागते, लांबचे त्याशिवाय दिसते. माशी असते हाताच्या अंतरावर, म्हणजे ना इकडची ना तिकडची. दुहेरी काचेचा चष्मा असेल तर माणूस मान वर करून खालच्या काचेतून माशी पाहतो आणि मान वर गेली की नेमाची पातळी बिघडते. नियम असा की नजर माशीवर ठेवावी, निशाणा अंधुक दिसला तरी चालेल. पुष्कळजण नेमके उलटे करतात, निशाणा स्वच्छ पाहतात आणि माशीचा नुसता अंदाज घेतात. चष्मेवाल्याला हाताच्या अंतराची काच करून मागितली तर तो करून देतो. चकचकीत पांढऱ्या मुलाम्याच्या हत्याराला आणखी एक त्रास असतो. उजेड ज्या बाजूने पडतो तेवढीच माशीची कड चमकते आणि डोळा फसतो. जुने नेमबाज त्यावर दिव्याची काजळी धरत. तो उपाय आजही फुकट आहे.

हे सगळे पाहून झाल्यावर, आणि पाचही भोके एका जागी पण मध्यापासून दूर पडत असतील तरच, नेम बसवण्याचा विचार करावा. भोके विखुरलेली असतील तर माशी घासून काय मिळणार? माप घेताना कापडच सरकत असेल तर कात्री चालवायची नसते. विखुरण्याची कारणे वेगळी असतात : नळीत साचलेले शिसे, नळीच्या तोंडाच्या कडेला पडलेला टवका, ढिली झालेली चक्री, सैल स्क्रू. ती आधी दुरुस्त व्हावी लागतात.

आता हिशेब. गजाने मोजणाऱ्या आम्हा लोकांना तो लगेच समजेल. माशी आणि खाच यांच्यातले अंतर आखूड रिव्हॉल्व्हरमध्ये सुमारे १० सेंटिमीटर धरा. निशाणा १० मीटरवर, म्हणजे १००० सेंटिमीटर. प्रमाण एकास शंभर. निशाण्यावर गोळी ६ सेंटिमीटर खाली लागत असेल तर माशी त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ०.६ मिलिमीटर कमी करायची. नखाच्या जाडीइतके काम! लांब नळीच्या हत्यारात हे अंतर २० सेंटिमीटर असले तर तिथे १.२ मिलिमीटर घासावे लागले असते. म्हणजे आखूड हत्यारात कारागिराला चुकायला जागा निम्मीच. कानशीचे दोन हात जास्त पडले की खाली जाणारी गोळी वर जाऊ लागते, आणि घासलेले लोखंड परत येत नाही.

दिशेचा नियम असा : माशी गोळीच्या उलट वागते, खाच गोळीबरोबर जाते. गोळी खाली लागते तर माशी बुटकी करावी. गोळी डावीकडे जाते तर माशीची उजवी कड घासावी, नाहीतर खाचेची उजवी भिंत रुंद करावी. यात एक बारीकी आहे. एका कडेचे जेवढे लोखंड काढाल त्याच्या निम्मेच माशीचे मध्य सरकते, म्हणून बाजूचा हिशेब दुप्पट धरावा लागतो. गोळी वर लागत असेल तर मात्र कानशीचा काही उपयोग नाही. तिथे माशी उंच करावी लागते, म्हणजे नवे पाते बसवणे किंवा धातू चढवणे. ते नळीला ताप देण्याचे काम असून निष्णात हाताशिवाय करू नये. डावी-उजवीकडे जाण्याचे आणखी एक कारण असते. नळी पेचाने सांगाड्यात बसवलेली असते आणि कधी ती जराशी कमी-जास्त फिरलेली राहते. मागून पाहिले की माशी उजवीकडे कललेली दिसते आणि गोळ्या डावीकडे जातात. त्यावर कड घासणे हा उपाय नव्हे. सांगाडा योग्य साच्यात धरून नळी फिरवावी लागते. चक्रीच्या खिडकीत हातोड्याचा दांडा घालून पीळ देणारे लोक आहेत, त्यांनी अनेक सांगाडे वाकडे केले आहेत.

चांगला दुरुस्तीवाला कारागीर हिशेबाच्या दोन-तृतीयांशच घासतो, मग पाच गोळ्या झाडून पाहतो, मग तीन हात कानशीचे, पुन्हा पाच गोळ्या. गिऱ्हाइकाने घाई केली तर तो हत्यार परत देतो, पण घाईने घासत नाही. शेवटी माशीच्या उघड्या पडलेल्या लोखंडाला काळा रंग चढवतो, नाहीतर ते गंजते आणि चमकतेही. हे हुनर कागदावरून येत नाही, उस्तादाच्या हाताखाली बसूनच येते.

आमच्या ओळखीच्या एका सूत व्यापाऱ्याने कात्र्यांना धार लावणाऱ्या, अत्यंत कसबी अशा माणसाकडून माशी घासून घेतली. गावाचे नाव आम्ही लिहीत नाही, आणि त्या कारागिराचे तर नाहीच. दोन चहा आणि शंभर रुपये, एवढ्यात काम झाले. पुढे नवीन काडतुसे आली, दरम्यान व्यापारीसाहेबांचा हातही थोडा बसला, आणि आता त्यांच्या गोळ्या हातभर वर लागतात. खाली जाण्याचे कारण मुळात जुनी काडतुसे आणि चापाचा झटका हेच होते. एका चांगल्या जुन्या हत्याराचे नुकसान झाले. परंतु त्याहून मोठी गोष्ट त्या दोघांनाही ठाऊक नव्हती.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणे आणि विकणेच नव्हे, तर दुरुस्त करणे आणि तपासून पाहणे यालाही वेगळा परवाना लागतो. मालकाकडे हत्यार बाळगण्याचा परवाना आहे म्हणून कारागिराला ते दुरुस्त करता येते, असे मुळीच नाही. कलम ५ मोडणाऱ्याला कलम २५ खाली शिक्षा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी केली आहे. पूर्वी ती तीन ते सात वर्षे होती. आमच्या लेथवाल्या, धारवाल्या, कुलूपवाल्या भाईंनी हे नीट वाचावे. ओळखीखातर, भिडेखातर, शंभर रुपयांसाठी कोणी हत्यार समोर ठेवले तर हात जोडून नाही म्हणावे. गिऱ्हाईक रागावेल, त्याला रागावू द्यावे. "मी फक्त जरासे घासले" हे म्हणणे कोर्टात उपयोगी पडत नाही. आणि व्यापारी बंधूंनी गरीब कारागिराला या फासात ओढू नये. आपल्याकडे वकील करायला पैसे असतात, त्याच्याकडे नसतात.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर, सात मीटरवरून चार-पाच सेंटिमीटरचा फरक असेल तर माशीला हातच लावू नये. हे हत्यार स्पर्धेसाठी नाही. गोळी कुठे लागते ते मालकाला ठाऊक असले, म्हणजे नेम तेवढा वर किंवा बाजूला धरता येतो. तपासणीही रेंजवरच करावी, शेतात किंवा गच्चीवर नाही. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी रायफल क्लबमध्ये चौकशी करावी. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नव्याने परवाना मागणाऱ्याला हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. जुन्या परवानाधारकांनीही ते आपणहून घ्यायला काय हरकत आहे?

फरक मोठाच असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या दुकानातच जावे. परवाना भिंतीवर लावलेला नसेल तर दाखवायला सांगावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सोबत आपला परवाना, निशाण्याचा तो कागद आणि ज्या काडतुसांनी तो झाडला ती कोणत्या खुणेची, याची नोंद न्यावी. कागदावर अंतरही लिहिलेले असावे. पावतीवर हत्याराचा नंबर घ्यावा आणि घासण्यापूर्वीची माशीची उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. हत्यार परत घेताना दुकानदारासमोरच ती पुन्हा मोजावी.